थोरली, धाकटी आणि मधला पत्रा

गुरुवार, दिनांक १ ऑक्टोबर १९८७, खंडेनवमी. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील माझ्या कारखान्यात, धुऊन कोरड्या केलेल्या फरशीवर, केळीच्या पानांवर मांडलेली हत्यारे एकूण एकशे नऊ. पूजेला मी स्वतः बसणार होतो, त्यामुळे कमरेला पीतांबर, खांद्यावर उपरणे आणि मध्ये उघडे पोट, अशा अवस्थेत मी पाटाकडे निघालो होतो.

"साहेब, तीन कमी हाईत," आण्णाप्पा म्हणाला.

आण्णाप्पा चौगुले माझ्याकडे पॉवर प्रेस चालवीत असे. लोखंडी पत्रा साच्यावर ठेवायचा, पायाने कळ दाबायची, वरून ठोका बसायचा आणि इस्त्रीचे कवच तयार व्हायचे.

"कोणती तीन?" मी विचारले. उत्तर मला ठाऊक होते. किल्ली माझ्याच कनवटीला होती.

"धाकटीचे साचे. कपाटात कोंडल्यात न्हवं तुमी."

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मी सरकारी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला मनुष्य. इस्त्र्या मी करीत असे, परंतु माझ्या नावाची इस्त्री बाजारात कोणी कधी पाहिली नाही. मुंबईची 'राजमुद्रा' कंपनी मला साचे देई, एलिमेंट देई, खोकी देई. माझ्या एकतीस माणसांनी इस्त्री जोडायची, तिच्यावर मुकुटाची मुद्रा उमटवायची आणि ट्रकमध्ये भरायची. पुढे तीच इस्त्री 'राजमुद्राच्या अत्याधुनिक कारखान्यात निर्मित' म्हणून जाहिरातीत झळके. तो अत्याधुनिक कारखाना म्हणजे मी, आण्णाप्पा, आणि पावसाळ्यात तीन ठिकाणी गळणारे सिमेंटचे पत्रे.

करारात नववे कलम होते : याच छपराखाली अन्य कोणाच्याही इस्त्र्या तयार करू नयेत. केल्यास सर्व साचे चोवीस तासांत परत न्यावेत आणि ऑर्डर रद्द समजावी.

अडचण एवढीच होती की याच छपराखाली पुण्याच्या 'शुभ्रा' कंपनीच्या इस्त्र्या आधीपासून तयार होत होत्या, आणि 'शुभ्रा'च्या करारातही तसलेच एक कलम होते. एकीच्या कामात माणसे निम्मा आठवडा रिकामी बसत. दोघींच्या कामात पगार निघत.

तंत्रनिकेतनात शिकलेल्या मनुष्यापुढे प्रश्न आला की तो आधी रेखाचित्र काढतो. मीही काढले. शेडच्या बरोबर मधोमध जमिनीपासून आढ्यापर्यंत नालीदार पत्र्याची भिंत उभी केली. पत्रा छपराला जेथे टेकतो तेथून एका छपराची दोन छपरे होतात, असे माझे तांत्रिक मत होते. चार प्रेसपैकी दोन अलीकडे, दोन पलीकडे. अलीकडे 'तारळेकर इंडस्ट्रीज', पलीकडे पत्नीच्या नावाने 'कमल एंटरप्रायझेस'. सोमवार ते बुधवार 'राजमुद्रा', गुरुवार ते शनिवार 'शुभ्रा'. फाटकावर एकच पाटी, तिच्या दोन बाजूंना दोन नावे, मध्ये बिजागरी. बुधवारी सायंकाळी मी स्वतः शिडीवर चढून ती उलटी करीत असे. या योजनेचा मला इतका अभिमान होता की पश्चिमेचा वारा सुटल्यावर पाटी आपोआप गरगर फिरते आणि रस्त्याने जाणाऱ्याला आळीपाळीने दोन्ही नावे दाखवते, हे ध्यानात यायला मला सात महिने लागले.

कंपन्यांची नावे तोंडाने घ्यायची नाहीत, असाही माझा दंडक होता. रेखाचित्रांत मी 'राजमुद्रा'ला 'अ' आणि 'शुभ्रा'ला 'ब' म्हटले होते. कामगारांनी आठवड्याच्या आत त्यांचे 'थोरली' आणि 'धाकटी' केले. "साहेब आज थोरलीकडं हाईत का धाकटीकडं?" असे बायका फाटकातच विचारू लागल्या. वसाहतीतील शेजाऱ्यांनी माझ्याविषयी काय समजूत करून घेतली, याची चौकशी मी केली नाही.

'राजमुद्रा'ची दिवाळीची चार हजार इस्त्र्यांची ऑर्डर अर्धी व्हायची होती. साचे गेले असते तर दिवाळीच्या तोंडावर एकतीस माणसांना घरी पाठवावे लागले असते. म्हणून खंडेनवमीला फरशीवर फक्त थोरलीचे साचे मांडायचे आणि धाकटीचे कपाटात ठेवायचे, असे ठरले होते. म्हणजे मी एकट्याने ठरवले होते.

"मागल्या वर्सी बी असंच केलासा," आण्णाप्पा पुढे म्हणाला. "धाकटी उपाशी ऱ्हायली. आन् कार्तिकात तिनं माझं नख खाल्लं." त्याने उजव्या हाताचे मधले बोट वर केले. नख पुन्हा आले होते, पण आडवे, नांगरटीच्या ढेकळासारखे. "खंडेनवमीला उपाशी ऱ्हायलेलं हत्यार वर्सभरात बोट मागतं. आमच्या आज्ज्यापास्नं ठावं हाय."

"आण्णाप्पा," मी शांतपणे म्हणालो, "नख साच्याने खाल्लेले नाही. प्रेसला संरक्षक जाळी नाही, म्हणून ते गेले. जाळी असली की हात आत असताना ठोका खाली येऊच शकत नाही. हे यंत्रशास्त्र आहे."

"मग बसवा की जाळी."

माझ्या शिक्षणाचे हेच वैशिष्ट्य होते. प्रत्येक प्रश्नाला त्यात उत्तर होते आणि प्रत्येक उत्तराला किंमत होती. चार प्रेसच्या जाळ्यांची किंमत मला पाठ होती. ती 'राजमुद्रा'ने दर वाढवल्याशिवाय निघणार नव्हती. आणि दर वाढवून मागायला मुंबईच्या साहेबांसमोर बसले की माझे सगळे लक्ष पत्र्याच्या भिंतीकडे असे.

"जाळी न्हाई, तर कुकू तरी लावू द्या," गोदाक्का मध्ये पडली. गोदाक्का लोंढे जोडणीच्या बायकांची मुकादम. हळद-कुंकवाचे ताट तिच्या हातात होते आणि कारखान्यातला शेवटचा शब्दही बहुधा तिचाच असे. "कुकवाला काय इंजिनेर लागत न्हाई."

"आन् न्हाई लावू दिलं," आण्णाप्पा म्हणाला, "तर शनवारी धाकटीवर मी बसणार न्हाई. तुमी बसा."

त्याच्या मागे उभ्या असलेल्या प्रेसवाल्यांनी माना हलवल्या. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपापली बोटे एकदा पाहून घेतली. मीही माझी पाहिली. दहा होती.

कुंकू जाळीपेक्षा स्वस्त आहे, हे मला मान्य करावे लागले. मी मनाशी वेळापत्रक आखले : साडेदहाला साचे बाहेर, दहा चाळीसला नारळ, दहा पन्नासला साचे पुन्हा कपाटात. सणाच्या दिवशी मुंबईहून कोण मरायला कुपवाडला येतो? पूजेची छापील निमंत्रणे मी दरवर्षी दोन्ही कंपन्यांना रीतसर पाठवीत असे, आणि कोणी येणार नाही याच खात्रीने पाठवीत असे.

मी कनवटीची किल्ली काढून दिली.

साचे ढकलगाडीवरून आले. त्यांतला मोठा साचा कवचाचा. त्याच्या पोटात 'शुभ्रा'चा हंस कोरलेला होता. काळ्या पोलादात काळीच रेघ, एरवी तो हंस दिसतही नसे. गोदाक्काने ताटात बोट बुडवले आणि मानेपासून शेपटापर्यंत त्या रेघेत कुंकू भरायला सुरुवात केली.

"अक्का, नुसते बोट टेकवले तरी पुरे," मी म्हणालो.

"मागली खंडेनवमी कपाटात काढली बिचारीनं. आज मळवट भरून घिऊ द्या तिला."

पाहता पाहता त्या पोलादातून वीतभर लांबीचा लालभडक हंस वर आला. शेडच्या दारातूनही तो स्पष्ट दिसत होता. हे मला समजले, कारण त्याच वेळी मी दाराकडे पाहिले, आणि दारात भाटवडेकर उभे होते.

भाटवडेकर म्हणजे 'राजमुद्रा'चे अधिकारी. आमच्यासारख्या परभारे माल करून देणाऱ्यांचा विकास करणे, हे त्यांच्या खात्याचे काम होते, आणि विकास म्हणजे दर कमी करणे, असा त्या खात्याचा समज होता. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, हातात देवीच्या प्रसादाची परडी.

"तारळेकर! काल कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन झालं. ही म्हणाली, परतीच्या वाटेवरच तर आहे तुमचं ते निमंत्रण. म्हटलं, चला, एवढ्या आग्रहानं बोलावतात."

संकटसमयी शिक्षित मनुष्याचे मन किती वेगाने चालते, याचे मी पुष्कळ वर्णन ऐकले होते. माझे मन मुळीच चालले नाही. हात चालला. मी खांद्यावरचे उपरणे काढले आणि धाकटीच्या तिन्ही साच्यांवर टाकले. आता माझ्या अंगावर कमरेच्या वर जानव्याखेरीज काही उरले नाही.

"या, या," मी पोट आत घेत म्हणालो. "आपलेच घर आहे."

वहिनींनी मात्र पूजेचे काम मनावर घेतले होते. परडीतले एकेक फूल त्या प्रत्येक हत्यारावर ठेवीत निघाल्या. पान्हे झाले, कानशी झाल्या, थोरलीचे साचे झाले. उपरण्यापाशी येऊन त्या थांबल्या.

"ह्यांना का झाकलंय?"

मी उपरण्याचे टोक सारखे केले. उत्तर गोदाक्काने दिले.

"लाजत्यात, बाईसाहेब. नव्या हाईत."

मागे बायकांत खसखस पिकली. वहिनीही हसल्या. "अहो, पूजेच्या दिवशी हत्यार झाकू नये," असे म्हणून त्यांनी उपरणे अलगद उचलले, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिले. मग त्या खाली वाकल्या.

"अगंबाई! अहो, बघितलंत का? हा आपल्या इस्त्रीवरचा हंस!"



"फक्त आपला तिकडं बघतो, हा इकडं," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"साच्यात उलटं असतं सगळं," भाटवडेकर सवयीने म्हणाले, आणि मग आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आले.

कळायला मलाही थोडा वेळ लागला. आपल्या इस्त्रीवरचा? 'राजमुद्रा'च्या अधिकाऱ्याच्या घरी 'शुभ्रा'?

"ह्यांच्या कंपनीची होती आधी," वहिनींनी मलाच विश्वासात घेतले. "दोनदा बंद पडली हो. मग मी मेली ही हंसाची आणली. वर्ष झालं, तक्रार नाही. कोण बनवतं कोण जाणे, पण चांगलं बनवतं."

बंद पडलेली मी बनवली होती की नाही, हे सांगता येत नव्हते. न पडलेली मात्र नक्की मीच बनवली होती. आयुष्यात प्रथमच कोणी परक्याने माझ्या कामाची स्तुती माझ्या तोंडावर केली होती, आणि ती स्वीकारली तर माझा कारखाना बंद पडणार होता. मी पुन्हा पोट आत घेतले.

"बाईसाहेब, नारळ वाढवून घ्या," गोदाक्का घाईने म्हणाली. "तुमच्याच हातानं."

नारळ फुटला. भाटवडेकरांनी हात जोडले, हंसाला आणि मुकुटाला, दोघांनाही. मग ते माझ्याकडे वळले.

"तुमच्या केबिनमध्ये जाऊ या."

केबिनमध्ये मी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिलो. साचे उद्या नेतील की परवा, ट्रक त्यांचा की आमचा, माणसांना हे मी सांगायचे की त्यांनी, असे प्रश्न क्रमाने डोक्यात येऊ लागले.

"बसा," ते म्हणाले. "आधी अंगात काहीतरी घाला."

मी खुंटीवरचा शर्ट पीतांबरावर चढवला.

"तारळेकर, तो मधला पत्रा कितीला पडला?"

"साहेब, नवव्या कलमाविषयी मी आपणांस सविस्तर..."

"पत्र्याचं विचारलं मी."

मी आकडा सांगितला. ते हळहळल्यासारखे झाले.

"पत्र्यापलीकडे काय आहे, हे आम्हाला ठाऊक नाही असं वाटत होतं तुम्हाला?"

"आपणांस ठाऊक होते?"

"अहो, म्हणूनच तर आलो तुमच्याकडे! 'शुभ्रा'चा माल परत येत नाही, तो कोण करतं याचा शोध घेतला आणि काम तुम्हाला दिलं. पुढच्या खेपेला कुपवाडला उतरलो, तर फाटकावर पाटी गरागरा फिरत होती."

फाटकावरील वाऱ्याचा वेग मी योजनेत धरलेला नव्हता. ही त्रुटी मला पूर्वीच कळली होती. मुंबईला ती माझ्याही आधी कळली होती, हे तेव्हा कळले.

"मग ते नववे कलम?"

भाटवडेकरांनी दाराकडे पाहिले. बाहेर बायका त्यांच्या पत्नीची ओटी भरीत होत्या आणि हसण्याचा आवाज येत होता.

"हे बघा, माझ्या घरातली इस्त्री तुम्ही मुंबईला कळवणार नाही."

"नाही."

"मग सांगतो. ते कलम आम्ही सगळ्यांच्याच करारात घालतो, आणि सगळ्यांकडेच पत्रा असतो. कुठे पत्रा, कुठे मेहुण्याची शेड, कुठे बायकोचं नाव. आम्ही कुणाचे साचे नेत नाही. नेऊन ठेवणार कुठे? आमच्याकडे कारखानाच नाही." ते पुढे झुकले. "पण ज्याला काही लपवायचं असतं ना, तो माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो. आणि कडेवर बसलेला माणूस दर वाढवून मागत नाही."

मी खाली पाहिले. मी माझ्याच केबिनमध्ये, माझ्याच खुर्चीच्या कडेवर बसलो होतो.

तेवढ्यात आण्णाप्पा प्रसादाच्या द्रोणांसह आत आला. साचे जाणार की राहणार, हे त्याला विचारायचे होते. त्याने द्रोण ठेवला, त्याच आडव्या नखाच्या हाताने, आणि तो तेथेच उभा राहिला. भाटवडेकरांनी त्या बोटाकडे पाहिले.

"हे काय?"

"धाकटीनं खाल्लं, साहेब. जाळी न्हाई प्रेसला."

आण्णाप्पा बाहेर जाईना. मी मागे सरकलो, पाठ खुर्चीला टेकवली आणि घसा साफ केला. दोन वर्षे घोकलेले वाक्य होते. ते म्हणताना आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरच्या बायका गप्प झाल्या.

"दर नगामागे दीड रुपया वाढवून पाहिजे."

"दिला," भाटवडेकर म्हणाले.

इतक्या लवकर होकार येईल, याची तयारी मी केलेली नव्हती. "कधीपासून?"

"या दिवाळीच्या ऑर्डरपासून. तीनपर्यंत द्यायची मुभा मला गेल्या वर्षीच मिळाली होती. पण तुम्ही मागितलं नाही. आज मागितलंत ते दीड."

"मग मी तीन म्हणतो."

"तारळेकर," ते प्रसादाचा द्रोण उचलत म्हणाले, "इंजिनिअर माणूस तुम्ही. एकदा कापलेला पत्रा पुन्हा लांब करता येतो का?"

ते निघाले. गाडीत बसताना वहिनी मला म्हणाल्या, "ती हंसाची कोण बनवतं ते कळलं, तर सांगा हं. बहिणीला पाहिजे एक." मी होकारार्थी मान हलवली. भाटवडेकरांनी गाडीची काच वर केली.

फाटकापाशी सगळे माझ्याभोवती जमले.

"साचे न्हेनार?" आण्णाप्पाने विचारले.

"नाही."

"आन् जाळी?"

"दोन प्रेसपुरते पैसे होतील."

"कुठल्या दोन?" गोदाक्काने विचारले. "थोरलीच्या? आन् धाकटीवर बसणाऱ्यांची बोटं काय शेंगा हाईत व्हय?"

तिला उत्तर देण्याजोगे यंत्रशास्त्रात काही नव्हते. दुसऱ्या दिवशी दसरा. शनिवारी सकाळी प्रेस सुरू होण्यापूर्वी मी पुण्याला 'शुभ्रा'च्या मेहेंदळ्यांना ट्रंक कॉल लावला. खुर्चीत मागे रेलून बसलो. आण्णाप्पा आणि गोदाक्का दारात उभे होते. निघून जा असे मी त्यांना दोनदा सांगितले होते.

"मेहेंदळेसाहेब, दर वाढवून पाहिजे."

तारेवर थोडी खरखर झाली. मग मेहेंदळे म्हणाले, "पत्र्यापलीकडच्यांनी किती दिले?"

मी दाराकडे पाहिले. गोदाक्काने हाताची तीन बोटे वर केली. तिचीही दहाच्या दहा शाबूत होती.

"तीन," मी म्हणालो.

"मग आमचेही तीनच धरा. त्याहून जास्त मागू नका बुवा."

त्या दिवशी आण्णाप्पा धाकटीवर बसला. रविवारी आम्ही सर्वांनी मिळून मधली पत्र्याची भिंत उतरवली. तिच्यामुळे शेडमध्ये किती अंधार होता, हे ती गेल्यावर कळले. पाटीची बिजागरी काढून ती खिळ्यांनी पक्की केली आणि त्या धांदलीत तिची कोणती बाजू पुढे राहिली याकडे कोणी लक्ष दिले नाही. ती पत्नीच्या नावाची राहिली. त्यावरून घरी आणि कारखान्यात जी चेष्टा झाली, ती येथे सांगण्याचे कारण नाही.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी संरक्षक जाळी बसलेल्या प्रेस : चारपैकी चार.